लाल कड पॉवरकडे

मला राग पटकन येतो. हे आधीच सांगते, कारण या गोष्टीत मी एका माणसावर भर दुपारी चार लोकांत खेकसले आणि त्याचा काडीचाही दोष नव्हता. मागाहून कुणी म्हणायला नको, की बाई कशी आहे ते सांगितलं नव्हतं.

मी आम्रपाली. पिंपळे गुरवात माझं जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचं दुकान आहे. जुने म्हणजे खरोखर जुने. हिंजवडीची पोरं तीन वर्षांच्या लॅपटॉपला जुना म्हणतात, तसले नव्हेत. माझी गिऱ्हाइकं चाकण, म्हाळुंगे, भोसरीकडच्या शेडमधली. तिथं पंचवीस वर्षांची मशीन ठणठणीत चालतात आणि प्रत्येकाला तेवढाच म्हातारा कॉम्प्युटर जोडलेला असतो. मशीन बिचारं लोखंडाचं, ते टिकतं. कॉम्प्युटर आचके देतो, आणि मग सगळ्यांना माझी आठवण येते.

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी नऊला ज्योतीराम शेठचा फोन आला. हा मूळचा लातूरकडचा, चाकणला त्याचं डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवायचं वर्कशॉप आहे.

“ताई, वायरकट बंद पडलंय कालपासून. लगेच निघा. चार वाजता कार्यक्रम आहे.”

“कसला कार्यक्रम?”

“भिवा काकांचा निरोप समारंभ.”

वायरकट म्हणजे केसासारख्या बारीक पितळी तारेनं पोलाद कापणारं मशीन. ते भिवा काका चालवतात, आणि दुसऱ्या कुणाच्या हाताला ते वळत नाही. काकांना साठी उलटून वर्ष झालं. सुपरवायझर नवनाथ कधीचा मागं लागला होता, की म्हातारं मशीन आणि म्हातारा ऑपरेटर, दोघांनाही आता सुट्टी द्या. शेठ म्हणायचा, वायरकट आहे तोवर काका आहेत. आता वायरकटच गेलं म्हटल्यावर नवनाथनं लगोलग शाल आणि नारळ आणून ठेवला होता.

“मशीन गेलं म्हणून माणसालाही पोचवायला निघालात का?” मी फोनवरच ओरडले. “आणि बिघडलं कशानं?”

शेठ आवाज खाली आणून म्हणाला, “काकांनीच बिघडवलं, ताई. साफसफाई करताना.”

मी स्कूटर काढली. मोशीच्या पुढं कंपन्यांच्या बस आणि कांद्याचे ट्रक एकमेकांना अडून उभे होते. त्यातल्या दोन ड्रायव्हरांचा मी यथेच्छ उद्धार केला, तेवढंच डोकं हलकं झालं. वर्कशॉपात पोचायला साडेअकरा वाजले.

काका वायरकटशेजारी एका पालथ्या क्रेटवर बसले होते. एरवी मला बघितलं की “आली बघा कडकलक्ष्मी” म्हणून चिडवणारा माणूस. आज नुसतं वर बघितलं.

“पोरी, मी मारलं गं त्याला.”

“मेलंय का नाही ते मी ठरवीन. काय केलंत ते सांगा.”

खंडेनवमीला सगळ्या शेडमधली मशीन धुऊन पुसून चकाचक करतात आणि मग त्यांची पूजा करतात. काका बौद्ध. दसऱ्याच्या दिवशी ते पांढरा सदरा घालून विहारात जातात, हळदकुंकवात त्यांना रस नाही. पण वायरकटला दुसऱ्या कुणी फडकं लावलेलं त्यांना खपत नाही. म्हणून शेठच्या बापाच्या काळापासून तिथं वाटणी ठरलेली आहे. सफाई काकांची, पूजा शेठची. नवमीला काकांनी मशीन पुसलं, मागल्या वर्षीचे हळदकुंकवाचे डाग खरवडले, आणि सगळं झाल्यावर त्यांना कॉम्प्युटरच्या डब्याच्या फटीत पालीचं शेपूट दिसलं. झाकण उघडलं तर आत केबलखाली पालीची अंडी.

“मंग काय करू?” काका म्हणाले. “केबल काढली, अंडी उचलली, हवा मारली, केबल लावली. दसऱ्याला सुट्टी. काल सकाळी चालू केलं, तर पडदा काळा.”

“हवा मारली? कॉम्प्रेसरची?”

“हळू मारली.”

“कप्पाळ माझं!” मी झाकण उघडलं.

आता आतलं थोडं सांगायला हवं. हल्ली कॉम्प्युटरात हार्डडिस्कला बोटाएवढी केबल असते, ती एकाच बाजूनं बसते, आंधळ्यालाही लावता येईल. पूर्वी तसं नव्हतं. चार बोटं रुंद राखाडी पट्टा असायचा, त्यात एकमेकींना चिकटलेल्या चाळीस तारा. एक टोक मदरबोर्डात, दुसरं डिस्कमध्ये. डिस्कमध्ये जे काही साठवलंय ते या पट्ट्यातून बोर्डाकडं जाणार. त्यातही सगळ्यात जुन्या पट्ट्यांना ना खाच ना दात. सुलट बसायचे तसेच उलटही बसायचे. चुकू नये म्हणून पट्ट्याच्या एका कडेची तार लाल रंगाची असते. ती लाल कड डिस्कच्या टोकाला पॉवरच्या प्लगकडे ठेवायची. बोर्डाच्या टोकाला खाली बारीक एकचा आकडा छापलेला असतो, त्या आकड्याकडे ठेवायची. एवढं सांभाळलं की झालं.

आणखी एक. मी कुठलीही केबल लावली की सांध्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देते. कुणी नंतर हात घातला तर ठिपका तुटतो आणि चोर सापडतो. या युक्तीचा मला फार अभिमान होता.

मी डिस्ककडं बघितलं. ठिपका गायब.

“सील कुठंय माझं?”

“कसलं सील?” काका म्हणाले. “त्यो लाल डाग व्हय? मागल्या सालचं कुंकू समजून खरवडला मी.”

मागं उभे असलेले चारपाच जण फसकन हसले. शेठही हसला. मलाही हसू येत होतं, पण रागाचा मान आधी.

“बारा वर्षं झाली, या डब्याला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय ना मी? तुम्हाला मशीन कळतं म्हणजे कॉम्प्युटर कळतो असं वाटलं का? उंटावरचे शहाणे! उलटी लावली असणार केबल, दुसरं काय!”

“उलटी न्हाई लावली,” काका खालच्या आवाजात म्हणाले. “लाल कड पॉवरकडंच हाय. बघ की. तूच शिकवलंतंस.”

मी बघितलं. लाल कड पॉवरच्या प्लगकडे. अगदी बरोबर. अशा वेळी गप्प बसावं, पण नाही. “मग हवा मारून दुसरं काही घालवलं असेल,” असं म्हणून मी बॅटरी आणि पेचकस काढला.

चालू करून बघितलं. पंखा फिरला, पडदा काळाच. डिस्कचा छोटा दिवा लागला तो लागलाच, एकदाही लुकलुकला नाही. मी डिस्क काढून अडॅप्टरनं माझ्या लॅपटॉपला जोडली. देवाशप्पथ, एकदम खणखणीत! बावीस वर्षांतले सगळे प्रोग्रॅम एकाखाली एक दिसत होते. मी आधी त्यांची नक्कल करून घेतली आणि शेठला सांगितलं, की काही झालं तरी हे वाचलं.

शेठनं सुटकेचा श्वास सोडला. नवनाथनं मात्र मान हलवली.

“म्हणजे डिस्क चांगली. मग बोर्ड गेला. हवा मारून बोर्ड घालवला काकांनी.” नवनाथ वाईट पोरगा नाही. हुशार आहे, मेहनती आहे, पण त्याला प्रत्येक गोष्ट आजच्या आज निकालात काढायची असते. “मॅडम, तुम्ही तुमच्या परीनं केलंत. आता राहू द्या. मी खुर्च्या लावायला सांगतो.”

दोन वाजून गेले होते. एकानं खुर्च्या मांडायला घेतल्या, दुसरा समोसे आणायला गेला. शाल टेबलावर पिशवीत दिसत होती. काका क्रेटवरून उठून माझ्याजवळ आले.

“आम्रपाली, शेठला सांग, शाल नको म्हनावं. म्हातारा झालो, जायाचंच हाय कधीतरी. त्याचं काय न्हाई. पन बत्तीस साल काम केलं, आन एक जॉब वाया घालवला न्हाई. आता लोक काय म्हनतील? भिवानं जाता जाता मशीन मारलं. आसली शाल अंगावर कशी घेऊ?”

एवढा आनंदी माणूस. या माणसानं मी पहिल्यांदा इथं आले तेव्हा कुणी मला बाई म्हणून हसू नये म्हणून अख्खा दिवस माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसून काढला होता. आणि मी त्याला सगळ्यांसमोर उंटावरचा शहाणा म्हणाले होते.

“खुर्च्या लावा नाहीतर मांडव घाला,” मी नवनाथला म्हणाले. “चार वाजेपर्यंत इथून मला कुणी उठवायचं नाही.”

बोर्ड बघायचा तर बोर्डाच्या टोकापर्यंत पोचावं लागतं, आणि त्या डब्यात पॉवरची पेटी बरोबर त्या टोकाच्या डोक्यावर बसवलेली. नुसता हात जातो, नजर जात नाही. मी चार स्क्रू काढून पेटी उचलली. खाली केबलचं टोक, आणि त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. अखंड. धुळीनं काळवंडलेला, पण जागचा न हललेला. म्हणजे या टोकाला माझ्यानंतर कुणीही हात लावला नव्हता.

मी बोर्डावरची धूळ फुंकली आणि बॅटरी जवळ नेली. छोटासा एकचा आकडा दिसला. लाल कड त्याच्या दुसऱ्या बाजूला होती.

मी परत बघितलं. डोळे चोळून बघितलं. आकडा इकडे, लाल कड तिकडे. उलटी. आणि वर माझंच सील.

तो दिवस मला सगळाच्या सगळा आठवला. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, चाकणमधलं माझं पहिलं काम. जुनी केबल तुटली होती, मी नवीन घातली. ही पेटी उचलायचा कंटाळा केला आणि बोर्डाचं टोक खाली हात घालून चाचपून दाबलं. डिस्कच्या टोकाला लाल कड पॉवरकडे ठेवली. चाललं नाही. मग डिस्कचं टोक फिरवून उलटं लावून बघितलं, आणि चाललं! चालणारच. बनियन उलटा घातला आणि परत उलटा केला की सुलट होतो, तसं ते. दोन्ही टोकं उलटी असली की पहिली तार पुन्हा पहिल्यालाच जाऊन मिळते. मला ते तेव्हाच कळलं होतं. पण शेठ शेजारी उभा राहून वाहवा करत होता. म्हटलं, चालतंय ना, पुढच्या आठवड्यात येऊन नीट करू. दोन्हीकडे सील ठोकलं आणि निघाले. तो पुढचा आठवडा काही उजाडला नाही.

आणि त्याच दिवशी, चहा पिताना, पिशवीतली दुसरी केबल टेबलावर मांडून मी काकांना मोठ्या तोऱ्यात शिकवलं होतं, की काका, लाल कड कायम पॉवरकडे.

“काका,” मी विचारलं, “तुम्ही केबल काढलीत तेव्हा लाल कड कुठल्या बाजूला होती?”

“उलट्या बाजूला हुती की,” काका म्हणाले. “म्या म्हनलं, मधी कुनीतरी हात लावलाय. तू काय अशी लावनार न्हाईस. म्हनून सरळ करून लावली.”

ऐकलंत? तू काय अशी लावणार नाहीस. एक टोक माझं उलटं, एक टोक त्यांचं सरळ, म्हणून मशीन बंद. माझ्यावरच्या विश्वासापायी माणूस फासावर चढला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर पेचकस हातात घेऊन सगळ्यांना दम देत होता.

इतक्यात नवनाथ माझ्या खांद्यावरून डोकावला. त्याला केबल कळत नाही, पण माझं तोंड बघून त्यानं ताडलं. “सापडलं का काही?”

“हं. बोर्डाकडचं टोक उलटं आहे.”

“मग तेपण काकांनीच काढलं असणार!”

सगळे काकांकडं बघायला लागले. काकांनी आठवायचा प्रयत्न केला. मला ते दिसत होतं. कपाळाला आठ्या घालून त्यांनी खूप आठवून बघितलं, आणि मग मान खाली घातली.

“आसंल बाबा,” ते म्हणाले. “काढलं आसंल. मला आता काय ध्येनात ऱ्हात न्हाई.”

खोटं कशाला सांगू, क्षणभर मोह झाला. टोक फिरवायचं, मशीन चालू करायचं, कनेक्शन ढिलं होतं म्हणायचं, मोकळं व्हायचं. काकांची नोकरीही राहील आणि माझं नावही. चाकणच्या निम्म्या शेडमध्ये माझा नंबर भिंतीवर लिहिलेला आहे, तो काय असाच? पण जो गुन्हा त्यांनी केलाच नव्हता तो ते कबूल करून बसले होते. आज मी गप्प बसले असते तर उद्यापासून त्यांनी स्वतःच्या हातावर कधी भरवसा ठेवला नसता. मला माझाच असा राग आला म्हणता, की नवनाथवरही कधी एवढा आला नव्हता.

“काकांनी काढलेलं नाही!” मी ओरडले. “त्यावर माझं सील आहे. बारा वर्षांपूर्वी मी लावलं, उलटं लावलं, आणि उलटं आहे हे माहीत असून तसंच ठेवलं. काकांनी केलं ते बरोबर केलं. चूक माझी आहे.”

खुर्च्या मांडणारा हातात खुर्ची घेऊन तसाच उभा राहिला.

मी ठिपका खरवडला, टोक उपसलं, फिरवलं, आकडा बघून दाबून बसवलं. दोन्हीकडे लाल कड जिथं हवी तिथं. डिस्क जोडली, पेटी बसवली आणि बटण दाबलं. दिवा लागला. विझला. लागला. मग भराभर लुकलुकायला लागला, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं एकाखाली एक उमटली.

“आरं तिच्या!” शेठनं टाळी वाजवली. मग माझ्याकडं बघून म्हणाला, “म्हंजे ताई, बारा वर्षं आमचं मशीन उलट्या केबलवर चाललं?”

“चाललं.”

“आन काकांनी सरळ केल्यावर बंद पडलं?”

“पडलं. अर्धीच सरळ झाली होती ना.”

शेठ पोट धरून हसायला लागला. एवढं हसला की क्रेटवर बसावं लागलं. मग नवनाथकडं वळून म्हणाला, “नवनाथराव, खुर्च्या असू द्या. समोसे आले की सगळे बसून खाऊ. कार्यक्रम काही होत नाही आज.”

नवनाथ कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला होता. पण पोरगा सरळ. तो काकांसमोर गेला आणि म्हणाला, “काका, मी उगाच तुमच्यावर ढकललं. चुकलं माझं.”

काकांनी त्याच्या पाठीवर एक दणका दिला आणि मशीनजवळ गेले. तार ओढून बघितली, पाण्याचा नळ उघडला, एक छोटा प्रोग्रॅम लावला. तार पोलादात शिरली तशी बारीक ठिणगी दिसली. काका तिच्याकडं बघत राहिले. मी माफी मागायला म्हणून शेजारी जाऊन उभी राहिले, पण शब्द जमेनात. भांडायचं असतं तर लगेच जमले असते.

“काका, मी तुम्हाला नको ते बोलले...”

“ते ऱ्हाऊ दे.” त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. “आत्ता समद्यांम्होरं बोललीस ना, तेच हितं बोल.”

पलीकडं गिरजाबाई होत्या, काकांची बायको. मी माझं नाव सांगितलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. लाल कड, उलटं टोक, माझा आळस, सगळं. केबल म्हणजे काय हे त्यांना कितपत कळलं कुणास ठाऊक. म्हणून शेवटी सरळच म्हणाले, “काकू, काकांची काही चूक नव्हती. चूक माझी होती.”

मी शिव्या खायची तयारी केली. त्यांनी चार घातल्या असत्या तर बरंच वाटलं असतं.

“पोरी,” गिरजाबाई म्हणाल्या. “कालपास्नं ह्यांच्या पोटात अन्नाचा कन न्हाई. नुसतं बसून दोन्ही हातांकडं बघायचं. म्हनायचं, गिरजे, माझा हात चुकाया लागला. मी काय सांगनार? मला त्यातलं काय कळतंय?”

“हो काकू,” मी म्हणाले.

“आता चुकलं तुझं ते चुकलं. तू मानलंस, मिटलं. सकाळी डबा दिलाय, ज्वारीच्या भाकरी आन मेथी. आदी त्यांना जेवू घाल, मग तुमचं काय चालू करायचं ते करा.”

फोन ठेवून मी मागं वळले. काका नळावर उभे राहून, साबण लावून, कोपरापर्यंत हात धूत होते आणि नवनाथला हाक मारून विचारत होते, माझा डबा कुठं ठेवलाय रे, भाकऱ्या किती हाईत बघ, ह्या पोरीला बी भूक लागली आसंल.